पाठ केलेली चूक

सोमवार, ४ मार्च

दिएप,

'प्रिय' लिहीत नाही. लिहिलं तर तुला वाटेल ताईला काहीतरी हवंय. फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, मेसेज टाकला तर जात नाही. शिक्षकांच्या खोलीत येऊन भांडायची मला लाज नाही, पण माझ्या मियेनला आहे. म्हणून हा कागद. तुमच्या शाळेचा पहारेकरी लामकाका आणून देईल. "सख्ख्या बहिणी एका गावात राहतात आणि टपाल माझ्या हातून जातं, धन्य आहे तुमची!" असं म्हणाला तो, माझ्या गाड्यावर बसून. त्याला मी म्हटलं, गपचूप रस्सा प्या आणि कागद पोचवा.

आता सरळ विचारते. माझ्या पोरीला कायम डावा हात वर करायला तू सांगितलंस की नाही?

काल मी रश्शासाठी तिसऱ्या धूत बसले होते आणि ती शेजारी पापड भाजत होती. पापड जळायला लागला तरी तिचं लक्ष नाही. म्हटलं, काय गं, कुठे आहेस? तर म्हणाली, "आई, चौदा तारखेला आमच्या वर्गात आदर्श पाठ आहे. इंग्रजीचा. जिल्ह्याचे साहेब मागच्या बाकांवर बसणार."

"बरं मग? बसू देत."

"बाई प्रश्न विचारतील तेव्हा सगळ्यांनी हात वर करायचा. एकही हात खाली दिसता कामा नये."

"सगळ्यांना उत्तर येतं?"

"नाही गं. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. साहेबांना नुसते हात दिसतात. बाईंना कळतं, कुणाला विचारायचं नाही ते."

"आणि तुझा कुठला?"

"डावा. कायमचा. बाईंनी नाव घेऊन सांगितलंय."

"आणि उत्तर येत असलं तर?"

"तरी डावा. माझे उच्चार साहेबांसमोर चालणार नाहीत. मी शब्दाचा शेवट गिळते."

अगं बये! शिक्षक झालीस की रस्त्यावरची पोलीस, हाताच्या खुणा करायला? मास्तरांची ही युक्ती जुनीच आहे, आपल्या वेळीही होती, ठाऊक आहे मला. पण तेव्हा ज्याला त्या दिवशी येत नसेल तो त्या दिवशी डावा हात करायचा. कायमचा डावा हात कुणाला दिलेला मी ऐकला नव्हता. तो मान तू स्वतःच्या भाचीला दिलास.

आणि यापुढचं ऐक, कारण पत्र त्यासाठीच आहे. पापड पालथा करत पोरगी म्हणाली, "आई, नववी झाली की मी दहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसत नाही. त्यात इंग्रजी असतं. मी गाड्यावर येते तुझ्या मदतीला." इतक्या थंडपणे म्हणाली की माझ्या हातातलं पातेलं निसटलं. ही पोरगी कालपर्यंत दीपगृहावर नोकरी करणार, जहाजांशी रेडिओवर बोलणार म्हणून उड्या मारत होती. बाप समुद्रावर असतो ना, त्याच्या बोटीशी बोलायचंय तिला.

माझ्या गाड्यावर मला कुणी नकोय. तुझा तो आदर्श पाठ घाल चुलीत, पण माझ्या पोरीचा हात मोकळा कर.

साम

(ताई लिहायची इच्छा नाही.)


शुक्रवार, ८ मार्च

दिएप,

उत्तर लिहायला तुला कागद मिळाला नाही, पण पोरीच्या तोंडी निरोप धाडायला बरा वेळ मिळाला. "आईला सांग, हे सगळीकडेच करतात, आणि हे तुमच्या भल्यासाठी आहे. चारचौघांत फजिती होण्यापेक्षा हात वर करून गप्प बसलेलं बरं. गेल्या वर्षीच्या बाईंनी तर चौघांना ताप आलाय असं सांगून घरी बसवलं होतं. मी निदान सगळ्यांना वर्गात बसवते."

वा! म्हणजे उपकारच झाले म्हणायचे. त्या बाईंनी चौघांना ताप आणला, तू नुसता हात सुजवलास. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून ती काय उशाशी घ्यायची?

फजितीचं तू मला शिकवू नकोस. दोन वर्षांपूर्वी आईच्या तिथीला पंगत बसलेली असताना फजिती कुणी केली? मियेननं आजीच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली, मोठ्यानं आजीला सांगितलं की मला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. आणि तू, सगळ्या पाहुण्यांसमोर, "मियेन, शब्द नीट उच्चार, आपल्या गावची बोली बाहेर कुणाला कळत नाही." आजीला कळत होती गं. आजीला दुसरी कुठली येतच नव्हती. मग मीही बोलले, की दिएपनं बोली ह्युए शहराच्या बाजारातून विकत आणलीय, अजून किमतीची चिठ्ठी काढलेली नाही. पाहुणे हसले. तू ताट तसंच ठेवून उठलीस आणि फोन बंद केलास. ताटावरून उठणाऱ्याला मी बोलवायला जाणार नाही असं मी तेव्हाच ठरवलं. अजूनही जाणार नाही. हे पत्र वेगळं.

आज आठ मार्च, महिला दिन. शाळेच्या फाटकाशी पोरं गुलाब घेऊन उभी होती, बाईंना द्यायला. तुझ्या टेबलावर ढीग झाला असेल. मियेननंही नेला एक, माझ्या पाण्याच्या बाटलीत ठेवलेला. मी म्हटलं, "ज्या बाईनं तुला डावा हात दिला तिला गुलाब?" तर म्हणते, "आई, मावशी इंग्रजी छान शिकवते गं. फक्त साहेब येणार म्हणून घाबरलीय." बघ! तुझी बाजू घेणारं एकच माणूस आहे माझ्या घरात, आणि तिलाच तू गप्प बसवलंस.

आता अभ्यासाचं. शेवट गिळते म्हणतेस ना? गिळते. आपण सगळेच गिळतो. आपल्या भाषेत शब्दाचा शेवट ओठांतच मिटतो, आणि इंग्रजांना तो बाहेर थुंकून हवा असतो, हे तूच ह्युएच्या कॉलेजातून पहिल्या सुट्टीत आलीस तेव्हा मला सांगितलं होतंस, अंगणात बसून, हसून हसून. तळहातावर पापडाचा चुरा ठेवायचीस आणि म्हणायचीस, "ताई, शब्द असा संपव की चुरा उडाला पाहिजे." तेव्हा मला काय करायचं होतं इंग्रजी? मी तेव्हाही तिसऱ्याच विकत होते. पण तुझी हौस म्हणून फुंकत बसायचे.

तेच आता मी मियेनला शिकवलंय. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बुटक्या स्टुलावर बसते, तळहातावर चुरा घेते, आणि तुमचा तो धडा वाचते. दीपगृहाच्या म्हाताऱ्याचा. बेटावर नवा विजेचा दिवा येतो, सरकार म्हणतं तुझा दिवा विझव, आणि म्हातारा रोज रात्री आपला लावतोच. मला इंग्रजी कळत नाही, पण पोरगी इतक्यांदा वाचते की म्हातारा मला शेजारचा वाटायला लागलाय. काल दहातले सहा शब्द संपताना चुरा उडाला. एकदा तर गिऱ्हाइकाच्या वाडग्यात उडाला. तो म्हणाला, "काकू, रश्शात इंग्रजी पडलं."

तुझी पद्धत आहे ही. तुझीच. आणि तूच म्हणतेस चालणार नाही!

साम


मंगळवार, १२ मार्च

दिएप,

मी ठरवलं होतं, आता पत्र नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, गाडा तुझ्याच शाळेच्या फाटकाशी आहे. पण आज जे कळलं त्यानं माझ्या डोक्याची शीर ठणकायला लागलीय.

त्या एका पाठाची तालीम रोज चाललीय म्हणे. तोच धडा, तेच प्रश्न, तीच उत्तरं. पहिल्या प्रश्नाला कोण उठणार, दुसऱ्याला कोण, ठरलेलं. पोरांनी 'आठवत नाही हं' असा चेहरा कधी करायचा तेही ठरलेलं. इथवर मी म्हटलं, चालायचंच, लग्नातही फोटोसाठी वरमाला दोनदा घालतात.

पण चूक? दिएप, चूकसुद्धा वाटून दिलीस?

मियेन सांगत होती. दुसऱ्या प्रश्नाला खांग उठणार. खांग म्हणजे वर्गातला पहिला, ज्याचं इंग्रजी टीव्हीवरच्यासारखं. आणि त्यानं मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचं. म्हातारा तिथे 'राहिला' म्हणायच्या जागी 'राहतो' म्हणायचं. मग तू गोड आवाजात म्हणणार, "जवळजवळ बरोबर! कोण सुधारेल?" मग सगळे हात वर. मग बाओ चाउ नावाची मुलगी उठून बरोबर सांगणार. मग तू म्हणणार, "शाब्बास, आता बरोबर!" म्हणजे साहेबांना दिसेल की बाई चुका कशा छान सुधारतात.

मी मियेनला विचारलं, "अगं, चूकच हवी होती तर तुला का नाही विचारलं? तुझ्याकडे हव्या तेवढ्या आहेत." पोरगी हसली. हसता हसता तिचा चेहरा असा झाला की मी बोलले त्याचं मलाच वाईट वाटलं. म्हणाली, "आई, माझी चूक खरी असते ना. खरी कशी निघेल ते बाईंना आधी सांगता येत नाही."

ऐकलंस? तेरा वर्षांची पोर हे म्हणते. हुशार पोराची पाठ केलेली चूक चालते, माझ्या पोरीची खरी चूक चालत नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, इथे तर कार्टं आपलंच आहे! मग तुम्ही शाळेत शिकवता कुणाला? ज्यांना आधीच येतं त्यांना?

तू म्हणशील, ताई, तुला काय कळतं, विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे, हा पाठ बरा झाला तर ती मला मिळेल. कळतं मला. लामकाकाला सगळं कळतं, म्हणून मलाही. तुला ती जागा मिळावी असं मलासुद्धा वाटतं, हे लिहिताना हात जड झालाय पण लिहिते. तुझ्याइतकं राबणारं त्या शाळेत दुसरं कोण आहे? पण माझ्या पोरीच्या डाव्या हातावर पाय ठेवून वर चढू नकोस.

खांगचा बाप रोज सकाळी माझ्याकडे रस्सा प्यायला येतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही.

साम


गुरुवार, १४ मार्च, संध्याकाळ

दिएप,

आधी हे स्पष्ट करते की मी ऐकायला आले नव्हते. साहेब लोकांच्या नाश्त्याला मुख्याध्यापकांनी माझ्याकडून रस्सा मागवला होता, आणि वाडगे परत न्यायला कुणीतरी यायलाच हवं होतं. आता आठवी ब चा वर्ग सायकलींच्या शेडला लागून आहे आणि खिडक्या उघड्या होत्या, यात माझा काय दोष? वाडगे जड होते. मी थोडी टेकले.

बरं, ऐकत होते. अख्खा तास.

तुझा निळा लांब पोशाख छान दिसत होता. आईनं कापड निवडलेलं तेच ना? गळ्याशी घट्ट झालाय आता, पण छान दिसत होता. तासाचा ढोल वाजला, पोरं उभी राहिली, बसली. मागे तीन साहेब, वह्या उघडून. पहिला प्रश्न झाला. चाळीस हात धाडकन वर. मी मियेनचा हात शोधला. खिडकीशी दुसऱ्या रांगेत, गळ्यात शाळेचा लाल रुमाल नीट बांधलेला, डावा हात वर. सरळ, ताठ. तुझी आज्ञा पाळत होती बिचारी.

मग दुसरा प्रश्न, आणि खांग उठला.

आता तुला विचारायचं असेल, तर हो. सांगितलं मी त्याच्या बापाला. काल सकाळी. मग? विचारलं त्यानं, "काय काकू, आज तोंड का फुगलंय?" आणि माझ्या तोंडाला कधी कुलूप असतं का? ऐकल्यावर त्याचा वाडगा तसाच राहिला. "माझा पोरगा जिल्ह्याच्या साहेबांसमोर मुद्दाम चुकणार? आमच्या घरात बक्षिसं ठेवायला भिंत उरली नाही, आणि हा चुकणार?" घरी जाऊन त्यानं पोराला दम भरला असणार. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं असतं तरी बोलले असते म्हणा.

तर खांग उठला, तुझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि बरोबर उत्तर देऊन बसला. इंग्रजी मला येत नाही, पण गेले दहा दिवस तेच वाक्य माझ्या कानांवर आहे. बरोबर होतं.

आणि तू म्हणालीस, "जवळजवळ बरोबर! कोण सुधारेल?"

दिएप, तालीम तोंडात अशी बसली होती की कानांनी काय ऐकलं ते तोंडापर्यंत पोचलंच नाही! पोरंही तशीच. चाळीस हात वर. बाओ चाउ उठली आणि तेच, अगदी तेच वाक्य म्हणाली. आणि तू, "शाब्बास, आता बरोबर!"

मग कुणीतरी फिस्सकन हसलं. मागचा तो जाडा साहेब, तुओंग की कोण, पेन खाली ठेवून म्हणाला, "बाई, मला जरा समजलं नाही. दोन्ही उत्तरांत फरक काय होता?"

तुझा चेहरा मला खिडकीतून दिसला. लहानपणी नदीत चप्पल वाहून गेली तेव्हा असा झाला होता. माझा इतका राग होता तुझ्यावर, दहा दिवसांचा, दोन वर्षांचा. तरी त्या क्षणी मला वाटलं की खिडकीतून उडी मारून आत यावं आणि त्या जाड्याला म्हणावं, तू ये फळ्यापाशी, तू शिकवून दाखव.

तू वर्गाकडे वळलीस. "कोण सांगेल, फरक काय?" पुन्हा सगळे हात वर, सवयीनं. पण उजवे हात वर करणारी पोरं खाली बघत होती. याचं उत्तर त्यांना कुणी पाठ करून दिलं नव्हतं ना! तू पहिल्या रांगेकडे पाहिलंस. खांगकडे पाहिलंस, तो तर बाकाखाली शिरायच्या बेतात. मग तू म्हणालीस, "मियेन. तू सांग."

डाव्या हाताला विचारलंस. तू.

ती उठली. हात वरच राहिला तिचा, खाली घ्यायचं सुचलंच नाही. म्हणाली, "टीचा, नो डिफरें. खांग ई राई." एकही शेवट बाहेर आला नाही. सगळे गिळले. चुऱ्यातला एक कण हलला नसता. पण वर्गात कुणाला कळलं नाही असं झालं नाही. साहेबांनाही कळलं. कडेच्या बाकावरची दोन कार्टी तिची नक्कल करून हसली, त्यांची नावं मला लामकाकानं दिली आहेत, उद्या त्यांना रस्सा मिळणार नाही.

तू हसली नाहीस. तू खडू ठेवलास, आणि म्हणालीस, "मियेनचं बरोबर आहे. खांगचं उत्तर पहिल्यापासून बरोबर होतं. चूक माझी झाली." आणि हे तू आपल्या बोलीत म्हणालीस. आईच्या. ह्युएची चिठ्ठी गळून पडली कुठेतरी. लामकाका ओसरीवर उभा होता, त्यानंसुद्धा वळून पाहिलं.

मग जे झालं ते तालमीत नव्हतं. "मियेन, बसू नकोस. आता तेच वाक्य पुन्हा, शेवट बाहेर काढ." पुस्तकाचं पान तिच्या तोंडासमोर धरलंस. "पान हललं पाहिजे." पहिल्यांदा नाही हललं. दुसऱ्यांदा नाही. साहेब घड्याळ बघायला लागले. मी बाहेर ओठ आवळून उभी, जणू मीच म्हणणार आहे. आणि मग हललं. अख्ख्या वर्गाला दिसलं. साहेबांचं सोड, पोरांनी बाकांवर हात आपटले.

आणि शेवटचा प्रश्न तू तिलाच विचारलास. नवा दिवा आला तरी म्हातारा आपला दिवा का लावतो? पुस्तकात त्याचं उत्तर नाही, मियेन मला रोज सांगायची, "आई, हे कुठे लिहिलेलंच नाही." तिनं दिलेलं उत्तर मला समजलं नाही. घरी आल्यावर विचारलं. म्हणाली, "मी म्हटलं, कारण बोटीवरची माणसं त्याला शोधतात. त्यात दोन चुका होत्या, बाईंनी दोन्ही सुधारल्या."

"मग? वाईट वाटलं?"

"नाही गं. खऱ्या सुधारल्या."

पातेली घासायची राहिली आहेत. एवढंच.

साम


रविवार, १७ मार्च

दिएप,

आता मात्र मी गप्प बसणार नाही.

लामकाकानं सकाळी सांगितलं. तुझ्या पाठाला 'समाधानकारक' शेरा. म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, नापास म्हणायची लाज वाटते तेव्हा म्हणतात. कारणं काय, तर 'पाठ आराखड्याप्रमाणे झाला नाही, वेळेचं नियोजन कोलमडलं, आणि एका कच्च्या विद्यार्थिनीवर अवाजवी वेळ खर्च झाला.' आणि प्रमुखाची जागा गेली नववीच्या त्या ताप आणणाऱ्या बाईंना, ज्यांच्या पाठात म्हणे एकही चूक झाली नाही. होईल कशी? चार पोरं घरी तापानं आजारी असतील!

अवाजवी वेळ? कच्ची विद्यार्थिनी? त्या तुओंगला म्हणावं, ये एकदा गाड्यावर. माझ्या रश्शाचे तीन वाडगे ओरपलेस त्या सकाळी, तेव्हा नाही वेळ खर्च झाला? जळ्ळं मेलं ते नियोजन! अख्ख्या तासात एकच गोष्ट शिकवली गेली, ती माझ्या पोरीला, आणि त्याचेच गुण कापले? माझ्या बहिणीचे? मी जिल्ह्याला पत्र लिहिणार आहे. कागद कसा लिहायचा ते आता मला चांगलं जमतं. मियेन म्हणते, "आई, नको, मावशीला आणखी त्रास होईल." बरं, नाही लिहीत. पण त्याला यापुढे रस्सा नाही. मुख्याध्यापकांनी मागवला तरी नाही. माझ्या हातचा थेंब नाही.

तुला सांगायचं राहिलं. शुक्रवारी मियेन घरी आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "बाईंनी सांगितलं, आजपासून कुठलाही हात चालेल. ज्याला येत नाही त्याला आधी विचारणार." मी म्हटलं, "मग तू कुठला केलास?" तर म्हणाली, "उजवा. आणि उत्तर चुकलं." आणि पापड खात बसली, जसं काही झालंच नाही. काल मी मुद्दाम म्हटलं, चल, पुढच्या वर्षी गाड्यावर येणारेस ना, तिसऱ्या निवडायला शीक. मान वर न करता म्हणाली, "गाड्यावर दुसरं कुणी बघ, आई. मला परीक्षा आहे." तळहातावर चुरा होता. मी दुसरीकडे तोंड करून कांदा चिरायला घेतला, कांदा चिरायचा नव्हता तरी.

एवढं तुझ्यामुळे झालं. आधी बिघडलंही तुझ्यामुळेच, ते मी विसरलेली नाही. पण तुझी जागा गेली त्यात माझ्या तोंडाचाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही. खांगचा बाप काल आला होता, त्याच्या मिशा उतरल्या होत्या. मी त्यालाही सुनावलं, म्हटलं, तुझ्या पोरानं बरोबर सांगितलं यात लाजायचं काय?

पुढच्या महिन्यात आईची तिथी आहे. मी बोलवायला जाणार नाही असं म्हटलं होतं, आणि मी दिलेला शब्द

~

अर्धंच राहिलं होतं. आता लिहिते. हे पत्र लामकाकाकडे द्यायचं नाहीये, पण अर्धं टाकवत नाही.

दुपारी गाड्यापाशी बसून वरचं लिहीत होते. रविवार, शाळा बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मियेननं मला कोपरानं ढोसलं. मान वर केली तर समोर, रस्त्यापलीकडे, फाटकाच्या सावलीत तू. घरातले कपडे, डोक्यावर ती जुनी टोपी. गाडीवरून आली होतीस, गाडी चालूच होती, म्हणजे पळून जायची तयारी ठेवूनच आली होतीस.

दोन वर्षांनी काय बोलायचं असतं ते मला तरी कुठे येत होतं? मग तू गाडी बंद केलीस, आणि हात वर केलास.

डावा.

मियेन माझ्याकडे बघायला लागली. मी लेखणी खाली ठेवली, पदरचं सगळं शहाणपण बाजूला ठेवलं, आणि वर्गात म्हणतात तसं मोठ्यानं म्हटलं, "दिएप. तू सांग."

तू रस्ता ओलांडून आलीस. बुटक्या स्टुलावर बसलीस, गुडघे छातीशी. आणि आईच्या बोलीत म्हणालीस, "ताई, मला उत्तर येत नाही."

"नसू दे," मी म्हटलं. "आधी खा."